भारतातल्या पोरांचं पुस्तक शांघायला कसं पोचलं?

(ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत. सगळे नाही.)

आज इतिहासात शिरण्याआधी जरा माझी स्वतःची गोष्ट सांगतो. पाच मिनिटं सहन करा, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालंय.

नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहे, मी हिंजवडीत कोड लिहितो आणि रविवारी इतिहास वाचतो. आमच्या प्रोजेक्टची एक टीम चीनमध्ये, चेंगदूला बसते. आपले साडेनऊ म्हणजे त्यांचे दुपारचे बारा. त्यामुळे आमचा सकाळचा कॉल त्यांच्या जेवणाच्या तोंडावर येतो आणि सगळ्यांना तो संपवायची घाई असते. तिथे एक टेस्टर आहे, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. तिचं नाव सांगत नाही, आपण तिला ताई म्हणू. मागच्या वर्षी एकदा कॉल संपल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, तुला लिहायची आवड आहे ना, मग माझ्या भाच्यासाठी इंग्रजीत छोटे छोटे उतारे लिहून देशील का?

भाचा बारा वर्षांचा. ताईच्या भावाचा मुलगा. भाऊ आणि वहिनी दोंगग्वानला कारखान्यात, घरापासून दीड हजार किलोमीटरवर. पोरगा आजीजवळ, सिच्वानमधल्या एका तालुक्याच्या गावी. शाळेत इंग्रजी आहे, शब्द पाठ करतो, मार्कही बरे पडतात. पण आपणहून एक ओळ वाचत नाही. ताईचं म्हणणं इतकंच होतं की रोजच्या जगण्यातलं काहीतरी लिही, शंभरेक शब्दांचं. परीक्षेचं नको.

मी म्हटलं, देतो की. त्यात काय मोठं.

पाठवायचं कसं हाच पहिला घोळ. वीचॅट आपल्याकडे जून २०२० पासून बंद. गूगल डॉक त्यांच्याकडे उघडत नाही. दोन देशांचे दोन इंजिनियर, आणि शेवटी काय, तर साधा ईमेल आणि त्याला जोडलेली साधी टेक्स्ट फाइल. असो.

माझा पहिला उतारा होता 'समुद्रकिनाऱ्यावरचा रविवार'. त्यात लाल छत्री, वाळूचा किल्ला, आईस्क्रीम, बाबा पोहतायत, कुत्रा लाटांवर भुंकतोय. मला फार आवडला होता.

आता गंमत बघा. मी आटपाडीचा. आमच्याकडे पाऊसच मोजून मापून, समुद्र कुठला? मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आणि ते पोरगं समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत राहतं. म्हणजे ना लिहिणाऱ्याचा समुद्राशी संबंध, ना वाचणाऱ्याचा. मग तो माझ्या उताऱ्यात आला कुठून? (एआयला का नाही सांगितलं असं विचारणार असाल, तर सांगून बघितलं होतं. त्यानं पार्क, कुत्रा आणि पिकनिक दिली. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकलोय.)

आठवड्यानं उत्तर आलं. ताईनं भाषांतर करून पाठवलं होतं. सगळं कळलं, नवीन शब्द एकही नव्हता, असं त्यानं लिहिलं होतं. आणि खाली एक प्रश्न. आमची आजी बरणीत भाजी घालून मिठाचं पाणी ओतते आणि बरणीच्या काठातल्या पन्हाळीत पण पाणी भरते, त्या सगळ्याला इंग्रजीत काय म्हणतात?

मला सांगता आलं नाही. मी बीटेक, रोज आठ तास इंग्रजीत काम करणारा. आमच्या आजीच्या लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला जो दादरा बांधतात, त्याला तरी इंग्रजीत काय म्हणतात? मला माझ्या आजीचं स्वयंपाकघरही इंग्रजीत सांगता येत नाही हे त्या दिवशी कळलं.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे खोदायला बसलो. चीनमधल्या पोरांना इंग्रजी शिकवायला पहिल्यांदा कोणी, काय वाचायला दिलं? कोणाचं 'रोजचं जगणं' त्यांच्यासमोर ठेवलं? आणि खोदता खोदता जे सापडलं त्यानं खुर्चीतून पडायची वेळ आली.

तर चला, दोनशे वर्षं मागे. कॅन्टन बंदर. परदेशी व्यापाऱ्यांना चीनमध्ये इथेच काय तो धंदा करता येत होता. नदीकाठी त्यांच्या वखारी, आणि आजूबाजूला दलाल, हमाल, नोकर, दुकानदार. यांना इंग्रजी शिकवणारी शाळा नव्हती. पण चार दिडक्यांना मिळणारी बारकी पुस्तकं होती. 'लाल केसवाल्यांची बोली', साधारण अशा अर्थाची त्यांची नावं. विल्यम हंटर नावाचा एक अमेरिकन व्यापारी तिथे राहत होता, त्यानं १८८२ साली छापलेल्या आठवणींत अशा एका पुस्तिकेबद्दल लिहिलंय. मुखपृष्ठावर तीन टोकांची टोपी घातलेला, हातात काठी धरलेला गोरा. आत इंग्रजीचं एकही अक्षर नाही! चिनी शब्द, आणि त्याखाली इंग्रजी उच्चार चिनी चित्रलिपीतच. आपल्याकडे एसटी स्टँडवर 'व्हॉट इज युवर नेम' असं देवनागरीत छापलेली पुस्तकं मिळायची ना, अगदी तसंच. त्यात वाक्यं नाहीत, गोष्ट नाही. आकडे, माल, माणसांची नाती, खाण्याचे पदार्थ. एवढ्या शब्दांवर लाखोंचा व्यवहार चालायचा.

मग अफूची युद्धं झाली. १८५८ च्या त्येनचिनच्या तहात इंग्रजांनी एक कलम घातलं. इथून पुढे आमचा सरकारी पत्रव्यवहार इंग्रजीत, आणि अर्थाचा वाद झाला तर इंग्रजी मजकूर खरा. विचार करा, समोरच्याच्या भाषेत लिहिलेल्या कराराखाली सही करायची, आणि तो वाचणारा आपल्याकडे कोणीच नाही. म्हणून १८६२ साली पेकिंगमध्ये दुभाषे तयार करणारी सरकारी शाळा निघाली, थोंगवन ग्वान. पहिल्या तुकडीत मुलं किती? दहा. तीही मांचू घराण्यांतली. हे झालं दरबारापुरतं.

सामान्य घरातल्या पोरापर्यंत इंग्रजीचं पुस्तक पोचवलं ते दरबारानं नाही, छापखान्यातल्या कामगारांनी. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

श्या रुइफांग. शांघायच्या मिशनरी शाळेत शिकलेला गरीब घरचा मुलगा. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम करायचा. ज्यांना खिळे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ लावायची. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा एंट्री, पण बोटं काळी करणारी. गोऱ्या संपादकाची बोलणी खाऊन खाऊन त्याला आणि त्याच्या मित्रांना वीट आला. सगळे एकाच शाळेतले, वर एकमेकांचे सोयरे. श्याची बायको यातल्याच दोन भावांची बहीण. त्यांनी पैसे गोळा केले, एकूण ३,७५० युआन, आणि ११ फेब्रुवारी १८९७ ला शांघायच्या एका गल्लीत छापखाना टाकला. काम काय, तर हिशेबाच्या वह्या, पावत्या, जाहिराती. म्हणून नावही तसंच ठेवलं, कमर्शियल प्रेस. आज सव्वाशे वर्षांनंतरही ती चीनमधली नावाजलेली प्रकाशनसंस्था आहे.

श्याच्या लक्षात एक गोष्ट आली. नुकतंच जपानकडून चीन युद्ध हरला होता, १८९५ साली. शांघायमध्ये ज्याला त्याला इंग्रजी शिकायचं होतं, कारकुनी पाहिजे, कस्टममध्ये नोकरी पाहिजे, पोस्टात पाहिजे. पण मिळणारी रीडरं होती संपूर्ण इंग्रजीत. शिक्षक असेल तरच उपयोग. शिक्षक आणायचा कुठून?

आणि ती रीडरं मुळात कोणासाठी लिहिलेली होती? हिंदुस्थानातल्या शाळकरी मुलांसाठी!

हो. इंग्रजांनी आपल्याकडच्या मुलांसाठी प्राथमिक इंग्रजी वाचनाची जी पुस्तकं तयार केली होती, ती जहाजात बसून शांघायला पोचली होती. श्यानं तीच घेतली. शे होंगलाय नावाच्या एका ख्रिस्ती शिक्षकाला गाठलं आणि त्यात चिनी भाषांतर नि टिपा घालून घेतल्या. १८९८ साली पुस्तक बाहेर आलं, 'ह्वा-यिंग छूज्ये', म्हणजे 'चिनी-इंग्रजी पहिली पायरी'. पहिल्या दोन हजार प्रती तीनेक आठवड्यांत संपल्या. मग लगेच पुढचे भाग, 'ह्वा-यिंग जिनज्ये', पुढच्या पायऱ्या. एका पावत्या छापणाऱ्या दुकानाची प्रकाशनसंस्था झाली ती या पुस्तकांमुळे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'फोर्क' म्हणतो. दुसऱ्याचा चालू असलेला कोड उचलायचा, आपल्या गरजेप्रमाणे चार बदल करायचे आणि आपल्या नावानं सोडायचा. श्यानं आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचं रीडर फोर्क केलं. मूळ पुस्तक लिहिणाऱ्याला याची कल्पनाही नसणार.

बदल काय केला, तर दिसायला छोटा. इंग्रजीच्या सोबतीला चिनी. पण या एका बदलानं शिक्षकाची गरज निम्मी झाली. दुकानातला पोऱ्या रात्री दिव्याखाली एकटा बसून शिकू शकत होता. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं जे केलं, तोच हा प्रकार. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत तिची एक प्रत होती, वाळवीनं अर्धी खाल्लेली, आणि त्यांनी तिच्यावरच इंग्रजी काढलं होतं.

याच सुमाराचा एक साक्षीदारही आहे. लू शुन, आधुनिक चिनी साहित्यातलं सगळ्यात मोठं नाव. १८९८ साली, वयाच्या सतराव्या वर्षात, तो नानजिंगच्या आरमारी शाळेत दाखल झाला. पुढे १९२६ मध्ये लिहिलेल्या आठवणींत तो सांगतो की आठवड्यातले जवळजवळ चार दिवस नुसतं इंग्रजी असायचं. आणि त्याला पुढे आठवत काय राहिलं? मांजर आणि उंदराबद्दलची दोन चिमुकली वाक्यं. उरलेले दिवस जुन्या चिनी ग्रंथांचे. सतराव्या वर्षी कन्फ्यूशियसच्या परंपरेवर निबंध लिहू शकणारा मुलगा, आणि इंग्रजीत मांजर. त्याचा धाकटा भाऊ चौ त्सुओरेन तीन वर्षांनी त्याच शाळेत आला. त्यानं तर आपल्या आठवणींत सरळच लिहून ठेवलंय की आम्ही 'इंडियन रीडर' वाचायचो.

इथे मला थांबावंसं वाटतं. इंडियन रीडर म्हणजे त्यात आपल्याकडच्या पोराचं जगणं होतं का? नावापुरतं. हिंदी मुलानं कसं वागावं, काय वाचावं, कोणापुढे कसं उभं राहावं, याबद्दल साहेबाच्या ज्या कल्पना होत्या, त्या तिथे होत्या. ते पुस्तक आपल्या पोरांसाठी होतं, पण आपल्या पोरांचं नव्हतं. आणि मग तेच नानजिंगच्या पोरापुढे गेलं. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलेलं तिसऱ्याचं आयुष्य. माझ्या 'समुद्रकिनाऱ्यावरच्या रविवारा'चे पूर्वज मला इथे सापडले.

पुढच्या तीस वर्षांत चिनी लेखक स्वतः रीडरं लिहू लागले. कमर्शियल प्रेसमध्ये काम करणाऱ्या चौ युएरान यानं १९१८ साली 'मॉडेल इंग्लिश रीडर्स' आणली. ती इतकी खपली की रॉयल्टीवर त्यानं शांघायच्या चापेइ भागात घर बांधलं, हजारो दुर्मीळ पुस्तकं जमवली. मग १९२८ मध्ये लिन युतांग उतरला. पाद्र्याचा मुलगा, हार्वर्डला जाऊन आलेला, लाइपझिगहून भाषाशास्त्रात डॉक्टरेट केलेला. त्यानं काइमिंग नावाच्या तुलनेनं छोट्या प्रकाशनासाठी 'काइमिंग इंग्लिश' लिहिलं. त्याचं म्हणणं आजही कुठल्याही क्लासवाल्यानं भिंतीवर लावावं असं आहे. सुटे शब्द पाठ करू नका, आख्खं वाक्य उचला. आधी तोंडात बसू द्या, व्याकरण मागून येईल. आणि चित्रं काढली कोणी, तर फंग झिकायनं! ज्यांनी फंगची चित्रं बघितली नसतील त्यांनी आजच शोधा. कुंचल्याच्या चार फटकाऱ्यांत रोजच्या घरातलं दृश्य उभं करणारा माणूस. म्हणजे मजकुरात परदेशातल्या गोष्टी होत्या, अँडरसनच्या परीकथाही होत्या, पण चित्रं काढणारा हात पूर्ण चिनी.

पैसा दिसला की नक्कल आलीच. १९३० मध्ये वर्ल्ड बुक कंपनीनं लिन हान्दा नावाच्या तरुण संपादकाचं रीडर बाजारात आणलं. लिन युतांग म्हणाला, हे माझं चोरलंय. वर्तमानपत्रांत जाहिराती, वकील, कोर्ट, सगळं झालं. शेवटी शिक्षण मंत्रालयानं काइमिंगच्या बाजूनं कौल दिला. पोरांच्या इंग्रजीच्या पुस्तकावरून एवढी हाणामारी! पण खरं सांगू, ज्या देशात क्रमिक पुस्तकावर भांडणं होतात तिथे शिक्षण जिवंत आहे असं मी समजतो.

आणि मग आग. जानेवारी १९३२ च्या शेवटी जपाननं शांघायवर हल्ला केला. २९ तारखेला विमानांनी चापेइमधल्या कमर्शियल प्रेसवर बॉम्ब टाकले. छापखाना जळला, आणि दोन-तीन दिवसांत शेजारचं ग्रंथालयही, चार लाखांहून जास्त पुस्तकांसकट. जळक्या कागदाचे कपटे शहरभर उडत होते. चौ युएरानचं रॉयल्टीवर बांधलेलं घरही त्यातच गेलं, पुस्तकांसकट. 'मांजर-उंदीर' छापून मोठी झालेली संस्था शत्रूला बॉम्ब टाकण्याइतकी महत्त्वाची वाटली होती.

१९४९ नंतरचं जरा पटकन सांगतो. रशिया मित्र, म्हणून शाळांत रशियन. १९५४ पासून तर खालच्या माध्यमिक वर्गांतून परकी भाषाच काढून टाकल्या. काही वर्षांनी इंग्रजी परतलं, आणि १९६६ ला सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. शाळा बंद पडल्या. पुन्हा उघडल्या तेव्हा इंग्रजीच्या पुस्तकात घोषणा होत्या. अध्यक्ष माओंचा जयजयकार, जमीनदारानं आजोबांना कसं छळलं, कम्यूनमध्ये आम्ही कसे राबतो. मुलं घोषणा इंग्रजीत म्हणू शकत होती, पण 'मीठ द्या' म्हणू शकत नव्हती. आधीच्या पुस्तकांत निदान मांजर तरी होतं हो.

याच काळातली एक घटना सांगतो. १९७३ चा जुलै. होनान प्रांतात माझनफू नावाच्या कम्यूनची शाळा. इंग्रजीचा पेपर. पंधरा वर्षांच्या एका मुलीला उत्तरं येत नव्हती. तिनं उत्तरपत्रिकेच्या मागे चार ओळी खरडल्या, की मी चिनी आहे, मला परकी अक्षरं कशाला हवीत, एबीसीडी आली नाही तरी मी क्रांती करीनच. शिक्षकानं वर्गासमोर तिची कानउघाडणी केली, मुख्याध्यापकांनीही झापलं. मुलीनं पाण्यात उडी घेऊन जीव दिला.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला हे प्रकरण माओची बायको जियांग चिंग हिच्या हाती लागलं. तिनं त्याचं राजकारण केलं. शिक्षक आणि मुख्याध्यापक तुरुंगात गेले. देशभरातल्या शाळांत अशा 'परकी भाषेची गुलामी' करणाऱ्या शिक्षकांना शोधायची मोहीम निघाली. माओच्या मृत्यूनंतर त्या दोघांना निर्दोष ठरवलं गेलं.

मी ही गोष्ट वाचली त्या रात्री पोराला उतारा लिहिला नाही. त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता का चूक, हे जाऊ द्या. शेतात राबणाऱ्या घरातली मुलगी, पुढ्यात असं पुस्तक ज्यात तिचं काहीच नाही, आणि वर त्यात नापास. प्रश्न तिनं विचारला होता, उत्तर कोणीच दिलं नाही. आधी तिला गप्प केलं, मग तिच्या नावावर दुसऱ्यांना.

आता रेडिओ. व्हॉइस ऑफ अमेरिकानं १९ ऑक्टोबर १९५९ ला 'स्पेशल इंग्लिश' सुरू केलं होतं. साधारण पंधराशे शब्दांच्या आत सगळं बसवायचं, वाक्यं छोटी, आणि बातम्या वाचायच्या नेहमीच्या दोन-तृतीयांश वेगानं. आज आपण पॉडकास्ट दीडपट वेगानं ऐकतो, तेव्हा लोक मुद्दाम हळू ऐकत होते! सांस्कृतिक क्रांतीत हे केंद्र ऐकणं म्हणजे 'शत्रूचं रेडिओ ऐकणं', गुन्हा. गोधडीत ट्रान्झिस्टर घेऊन आवाज बारीक करून ऐकणारे लोक होते. अमेरिकेशी १ जानेवारी १९७९ ला राजनैतिक संबंध जुळले, आणि तेच केंद्र लोक उघडपणे, वही-पेन घेऊन ऐकू लागले. 'इंग्लिश ९००' नावाचा तिचा कार्यक्रम होता, रोजच्या वापरातली नऊशे वाक्यं. ताईचे वडील त्यातली वाक्यं अजून म्हणून दाखवतात म्हणे, अमेरिकन हेल काढून.

जानेवारी १९८२ मध्ये सरकारी टीव्हीवर बीबीसीची 'फॉलो मी' मालिका आली. कॅथी फ्लॉवर ही ब्रिटिश बाई आणि प्राध्यापक हू वनचुंग समजावून सांगायचे. टीव्ही फार कमी घरांत, त्यामुळे एका खोलीत सगळा शेजार. म्हणजे आपलं 'रामायण' जसं पाहिलं गेलं तसं, फक्त विषय काय, तर दुकानात भाव कसा विचारायचा, रस्ता कसा विचारायचा, ओळख कशी करून द्यायची. इंग्रजी किती कळलं हा भाग वेगळा, पण लोकांनी पहिल्यांदा एका परक्या माणसाचं दिवाणखाना-स्वयंपाकघर आतून पाहिलं. पुढच्याच वर्षी, १९८३ पासून, विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत इंग्रजीचे पूर्ण गुण धरायला लागले, आणि मग ही हौस राहिली नाही, सक्ती झाली.

याच लाटेत एल. जी. अलेक्झांडर या ब्रिटिश लेखकाचं १९६७ सालचं 'न्यू कॉन्सेप्ट इंग्लिश' चीनमध्ये असं रुजलं की विचारू नका. दुसऱ्या भागात ९६ धडे, एकेक धडा अर्ध्या पानाचा, आणि बहुतेकांच्या शेवटी एक बारीकसा चिमटा. नाटकाला गेलेला माणूस, घरी टपकलेली आत्या, असलं काहीतरी. ताई याच पुस्तकावर वाढली. तिला ते सगळे धडे तोंडपाठ आहेत. मी तिला विचारलं, यातलं तुझ्या घरात काय घडायचं? ती हसली आणि म्हणाली, काहीच नाही, म्हणून तर वाचत होते.

हे उत्तर मला आवडलं आणि टोचलंही. कारण माझा सगळा युक्तिवाद तिनं एका वाक्यात आडवा केला. पोराला नेहमी स्वतःचंच घर दाखवायचं असतं असं कोण म्हणालं? खिडकीही लागते.

पण नुसत्याच खिडक्या असलेल्या घरात राहायचं कसं? याचं सगळ्यात बरं उत्तर मला १९९० च्या दशकातल्या पुस्तकात दिसतं. पीपल्स एज्युकेशन प्रेस आणि लाँगमन यांनी मिळून केलेलं, १९९३ पासून देशभर लागलेलं 'ज्युनिअर इंग्लिश फॉर चायना'. त्यात ली लेइ नावाचा मुलगा आणि हान मेइमेइ नावाची मुलगी. शाळा चिनी, आणि त्यांच्या वर्गात आलेले जिम, लूसी आणि लिली हे परदेशी पाहुणे. पॉली नावाचा पोपट. बघा, दिशाच बदलली. आता चिनी पोरानं इंग्रजांच्या घरी जायचं नाही, इंग्रजी त्याच्या वर्गात येऊन बसलं. त्या पिढीत ज्याला त्याला विचारा, ली लेइ आणि हान मेइमेइचं पुढे लग्न झालं का, यावर लोक अजून वाद घालतात. २०१७ मध्ये त्यांच्यावर सिनेमा निघाला. क्रमिक पुस्तकातल्या पात्रांवर! आपल्याकडे असं कोण आहे, सांगा मला.

त्यानंतरचं तुम्हाला थोडंफार माहीत आहे. २००१ पासून तिसरीपासून इंग्रजी, मग क्लासेसचा पूर, मग ॲप, मग फिलिपिन्स-अमेरिकेतले ऑनलाइन शिक्षक. आणि जुलै २०२१ मध्ये सरकारनं खासगी शिकवण्यांवर बडगा उगारला, परदेशात बसून शिकवणाऱ्यांनाही मनाई केली. शहरातल्या श्रीमंतांनी वाटा काढल्या. तालुक्याच्या गावातल्या पोराकडे वाट होती ती चेंगदूची आत्या, आणि आत्याकडे मी. फुकटात, ईमेलनं, आणि समुद्र घेऊन.

तर मी दुसरा उतारा लिहिला. विषय, माझ्या आजीची लोणच्याची बरणी. पांढरी, वरून तपकिरी झाकणाची. तिच्या तोंडाला दादरा बांधतात तो मी 'कापडाची टोपी' असा इंग्रजीत लिहिला. ब्याण्णव शब्द. शेवटी लिहिलं की आम्ही मराठीत या बरणीला 'चिनी मातीची' म्हणतो. हे लिहीपर्यंत माझ्या स्वतःच्या लक्षात आलं नव्हतं!

चार दिवसांत उत्तर. या वेळी भाषांतर नाही, त्यानं स्वतः इंग्रजीत लिहिलेलं. त्याच्या आजीच्या बरणीच्या काठाला पन्हाळ असते, तिच्यात पाणी भरून वर वाडगं उपडं घालतात, आतली हवा बुडबुड करत बाहेर जाते पण बाहेरची आत येत नाही. मोहरीचा पाला, मुळा, मिरच्या. पन्हाळीतलं पाणी आटू द्यायचं नाही ही जबाबदारी त्याची. व्याकरणाच्या चुका अकरा. बुडबुड्यांसाठी शब्द त्यानं डिक्शनरीतून शोधला होता आणि बरोबर शोधला होता.

तेव्हापासून असंच चाललंय. मी एक, तो एक. मी लिहिलं एसटीची वाट बघण्याबद्दल, त्यानं लिहिलं बाजाराच्या दिवशी आजीबरोबर बदकं विकायला जाण्याबद्दल. मी लिहिलं टँकरच्या पाण्याबद्दल, तो विचारतो पाणी ट्रकमधून का येतं, आणि मला ते शंभर सोप्या शब्दांत सांगताना घाम फुटला. साहेबानं आपल्या पोरांसाठी लिहिलं, श्यानं ते शांघायला नेलं, आणि आता आटपाडीचा एकजण सिच्वानच्या पोराला लिहितोय. श्याला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. १९१४ च्या जानेवारीत त्याच्याच कंपनीच्या दाराशी मारेकऱ्यानं त्याला गोळी घातली.

मागच्या आठवड्यात त्याचा नवा उतारा आला, वसंतोत्सव होऊन पंधरा दिवस झाल्यावर. विषय, आई. आई रविवारी व्हिडिओ कॉल करते. आजी फोन व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून ठेवते, त्यामुळे आईला बराच वेळ छतच दिसतं. छताला एक डाग आहे, आई म्हणते तो सशासारखा दिसतो. हे सगळं एकसष्ट शब्दांत. आणि शेवटचं वाक्य, जसंच्या तसं, 'माय मदर कम होम ॲट स्प्रिंग फेस्टिव्हल.'

आता हे दुरुस्त करून पाठवायचंय. चिनी भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, संदर्भावरून कळतं. मला संदर्भ माहीत नाही. आई यंदा आली होती, दरवर्षी येते, की पुढच्या वर्षी येणार आहे? तिन्हीसाठी इंग्रजी वेगळं. ताईला विचारता आलं असतं, पण म्हटलं त्यालाच विचारावं. परवा ईमेल टाकलाय.